घोटभर पाण्यासंगं

तेलगाव,
१८ नोव्हेंबर

वहिनी,

पाया पडते. खुशाली मागून लिहीन, आधी मला भांडायचं हाय.

फोनवर तुला माझं ऐकू येत न्हाई, आणि तुझ्या हनुमाननं आणलेलं ते कानाचं मशीन तू डब्यात घालून ठेवलंस. म्हणून कागदावर भांडते.

नातवाच्या बारशाला तू आलीस तवा मला लई बरं वाटलं. दादा गेल्यापासून तू पालीच्या बाहेर पडली न्हवतीस. चांगली आठ दिवस राहते म्हणलीस. मी माझ्या खोलीत तुझी खाट टाकली, पेटीतली वाकळ काढून उन्हात घातली. आणि तू काय केलंस? दिवस मावळायच्या आत पिशवी उचललीस आणि बीडच्या एसटीत जाऊन बसलीस. मी मागं पळत आले, तू खिडकीतनं नुस्ता हात हलवलास.

पंगतीत मी तुझ्या समोरच बसलते. बाजरीची भाकर तू शेजारणीच्या ताटात सरकवलीस. मेथीच्या भाजीला बोट लावलं न्हाईस. वरणभात कालवून चार घास खाल्लेस. माझी सून स्वप्ना पाण्याचा तांब्या घेऊन आली, तर तू हात आडवा केलास. पोरीचं तोंड एवढंसं झालं. पाहुणे गेल्यावर मला म्हणली, "आत्याबाई, मामींना माझ्या हातचं पाणीबी चालत न्हाई का?" मी काय सांगू तिला?

कुणी काई बोललं का? माझ्या पोराचं, आप्पारावाचं काई चुकलं का? त्याच्या तोंडाला राजकारणामुळं कुलूप राहिलं न्हाई, ते मला ठाऊक हाय. पण तू मला सांगायचं. मी नऊ वर्षांची होते तवा तू लग्न होऊन आमच्या घरात आलीस, माझ्या वेण्या तू घातल्यास. आणि आता माझ्या दारात येऊन उपाशी जातीस?

आणखी एक. चोळीच्या बाह्या तुझ्या दंडावर लोंबत होत्या. ते बघून मला राग यायच्या आधी भ्याव वाटलं.

उत्तर लिही. गोड लिहू नकोस, खरं लिही.

तुझी,
सत्यशीला


पाली,
२७ नोव्हेंबर

वन्सं,

तुमचं पत्र मिळालं. एवढी रागावलात, म्हणजे तब्येत चांगली हाय म्हणायची.

मला कुणी काई बोललं न्हाई. आप्पारावानं तर माझ्या पायावर डोकं ठेवलं. स्वप्नाला सांगा, तिच्यावर माझा काडीचा राग न्हाई. गुणाची पोर हाय. एसटीचा पल्ला लांबचा, पाणी पिलं की मधीच उतरावं लागतं, म्हणून नको म्हणलं.

भाकरीचं म्हणाल तर दाताचं कारण हाय. खालची कवळी टोचती. चावताना डोळ्यात पाणी येतं. आणि राहिले न्हाई ते शेळीपायी. आश्रुबाच्या दावणीला बांधून आलते, पण ती परक्याच्या हातचं खात न्हाई. शेजारी झाला म्हणून आश्रुबाला तरी किती त्रास द्यायचा?

इथं मी झकास खाते. सकाळी चहा आणि टोस. दुपारी मऊ भात. दिवस मावळला की परत भात, न्हाईतर दुधात बिस्कीट. रेशनचा तांदूळ पुरून उरतो. एकट्या जीवासाठी कोण पीठ मळत बसतंय आणि कोण तवा तापवतंय? हनुमानचा चाकणहून रोज फोन येतो. काय म्हणतो ते कळत न्हाई, मी हू हू करते. तो समजतो आई मजेत हाय. तसंच समजू द्या.

एक विचारते. तुमचे गुडघे कसे हायत? तुमाला अजून उकिडवं बसता येतं का? उठताना काय धरता? उगंच विचारलं.

नातवाचं नाव लई गोड ठेवलंत. मला ते नीट ऐकू आलं न्हाई, तेवढं लिहून पाठवा.

जानकी


तेलगाव,
२९ डिसेंबर

वहिनी,

खोटं लिहायला तुला वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी सुचलं का?

आमच्या दिराचा गहिनीनाथ टेम्पोत भाजीपाला घेऊन बीडच्या बाजाराला जातो. त्याला म्हणलं, बाबा, जरा पालीपतोर जा, मामीला बघून ये. तो आला, तू त्याला चहा दिलास, आणि तो माझ्यासाठी सगळी खबर घेऊन आला. शेळी तू दसऱ्यालाच विकलीस. कवळी टोचत असती तर टोसाचे कोरडे तुकडे तू त्याच्यासमोर कडाकडा कशी खाल्लीस? आणि तुमच्या गावच्या वाण्यानं त्याला आपणहून सांगितलं, म्हातारी दर आठवड्याला जुलाबाची पुडी नेती.

म्हणजे तुझं पोट साफ होत न्हाई. आता मला सगळं कळलं. एवढं लपवायचं काय त्यात? म्हातारपणी कुणाचं पोट साफ होतंय?

मागच्या महिन्यात आमच्या शाळेत म्हाताऱ्या माणसांची तपासणी झाली. डॉक्टर तरणाच होता, पण बोलला नीट. म्हणला, "म्हातारी माणसं मऊ मऊ खातात. भात, टोस, बिस्कीट. पोटात चोथाच जात न्हाई. चोथ्याशिवाय आतडं अन्न पुढं ढकलत न्हाई, मग पुड्या घेत बसतात." ज्वारी-बाजरीची भाकर, न चाळलेलं पीठ, पालेभाजी, मटकी, हुलगे, पेरू, सगळं सांगितलं त्यानं. मी म्हणलं, हे तर आमच्या वहिनीचंच वर्णन चाललंय!

गहिनीनाथच्या हाती पिशवी पाठवते. ज्वारीचं पीठ हाय, कोंड्यासकट. मटकी हाय, हुलगे हायत, पेरू हायत. आणि एक डबा हाय इसबगोलचा. रोज सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे पाण्यासंगं घ्यायचे. तुला दादाची शपथ हाय. एक दिवस चुकवलास तर मला तोंड दाखवू नकोस.

आणि संक्रांतीपतोर पोट साफ झाल्याचं पत्र आलं न्हाई, तर मी हनुमानला सगळं सांगणार. तो येऊन तुला चाकणला घेऊन जाईल. मग बस तिथं.

गुडघ्याचं विचारलंस. माझे गुडघे ठणठणीत हायत. त्याचा इथं काय संबंध?

नातवाचं नाव राजवीर.

सत्यशीला


पाली,
१४ जानेवारी

वन्सं,

शपथ घालायची न्हवती. तीही त्यांची.

हनुमानला काई सांगू नका, हात जोडते. चाकणला त्याच्या दोन खोल्या हायत, तिसऱ्या मजल्यावर. तो कंपनीत जातो, सुनिता बी कामाला जाती. सून चांगली हाय, पण दिवसभर दार लावून मी त्या घरात काय करू? इथं ओट्यावर बसलं की धरणाकडं जाणारा रस्ता दिसतो. कोण आलं, कोण गेलं, कुणाची सून माहेराला निघाली, सगळं दिसतं. माझे कान गेले, डोळे तरी कामाला येतात. एकदा या घराला कुलूप लागलं की ते परत निघायचं न्हाई. तुमच्या दादांनी हे घर बांधताना मी विटा उचलल्यात.

म्हणून शपथ पाळते. इसबगोल घेते, सकाळी दोन चमचे, संध्याकाळी दोन. पाण्यासंगं घ्यायला लिहिलंय तुमी, घोटभर पाण्यासंगं घेते. घशाला चिकटतंय, पण उतरतंय.

काल भोगी झाली. तीळ लावून बाजरीची भाकर केली. वांगं, गाजर, हरभऱ्याचे घाटे, पावटा घालून भोगीची भाजी केली. शपथ हाय म्हणून दोन्ही वेळेला पोटभर खाल्लं. वन्सं, लई दिवसांनी भाकरीचा पापुद्रा दाताखाली आला. खोटं सांगत न्हाई, खाताना रडू आलं.

पण पोट दगडावानी झालंय. गेल्या गुरुवारपासून काईच न्हाई. पुडी घेतली, तिनंबी काई झालं न्हाई. आज सकाळपासून वाराबी सरत न्हाई, नुस्ती कळ येती आणि जाती. होईल उद्या. तुमी लिहिलंय तसंच सगळं करते, तवा हनुमानला सांगायचं कारण न्हाई.

आश्रुबा बीडला निघालाय, त्याच्याकडं पत्र देते.

तिळगूळ घ्या.

जानकी


तेलगाव,
१७ जानेवारी

वहिनी,

हे पत्र गहिनीनाथ तुझ्या हातात देईल. वाचायच्या आधी त्याच्या टेम्पोत बस. मग वाच.

तुझं पत्र आत्ता मिळालं. घोटभर पाण्यासंगं? वहिनी, ते घोटभर पाण्यात घ्यायचं नसतं गं! दवाखान्याच्या उपकेंद्रातल्या नर्सबाईला मी तुझं पत्र वाचून दाखवलं. ती खुर्चीतनं उठलीच. म्हणली, "ते पोटात फुगतं. वर पेलाभर पाणी प्यायचं, दिवसभर बी पाणी प्यायचं. कोरडं राहिलं तर आत बोळा बसतो." तपासणीच्या डॉक्टरनं मोठा पेला भरून पाणी म्हणलं होतं. मी नुस्तं 'पाण्यासंगं' लिहिलं.

नर्सबाई म्हणली, आता घरी पाणी पाजून भागायचं न्हाई. वारा सरत नसंल तर सरळ दवाखाना. आता काई खाऊ नकोस, पिऊ नकोस, पुडी तर अजिबात घेऊ नकोस. गहिनीनाथ तुला बीडला घेऊन जाईल. लुगडं बदलायला थांबू नकोस.

सत्यशीला


तेलगाव,
२७ जानेवारी

वहिनी,

हे पत्र तुझ्यापतोर पोचंल का न्हाई, ठाऊक न्हाई. गहिनीनाथला सांगितलंय, हनुमान जेवायला खाली गेला की दे.

तू बेशुद्धीत होतीस, म्हणून काय झालं ते सांगते. गहिनीनाथ आला तवा तू ओट्यावर पाय पोटाशी घेऊन पडलीवतीस. पोट ढोलावानी ताणलेलं, उलटी झालेली. त्यानं आणि आश्रुबानं तुला उचलून टेम्पोत घातलं. दवाखान्यात नाकातनं नळी घातली, सलाईन लावली. हनुमान दुसऱ्या दिवशी पोचला. मी तिसऱ्या दिवशी आप्पारावाला घेऊन आले.

तुला भेटायला आलते मी, वहिनी. वार्डाच्या दारात हनुमान उभा होता. माझ्या हातची पिशवी बघितली आणि म्हणला, "काय आणलं आता? अजून एक डबा?"

मी म्हणलं, "बाबा, बघू तर दे तिला."

"आत्या, तुमीच पाठवलंतं ना ते?"

"व्हय, पण..."

"डॉक्टर म्हणलेत, संध्याकाळपर्यंत सुटलं न्हाई तर पोट फाडायचं. या वयात! भूल दिल्यावर उठंल का, विचारलं तर म्हणतात सांगता येत न्हाई. मी काय तिला उपाशी ठेवलंय का? किराणा भरतो, दूध लावलंय. तुमाला कुणी सांगितलं डॉक्टरकी करायला?"

आप्पाराव पुढं झाला. हनुमानची कॉलर धरणार एवढ्यात मी त्याला मागं ओढलं. दाराच्या काचेतनं मला तुझे पाय दिसले, चादरीच्या बाहेर आलेले. तेवढे बघून मी परत आले. गाडीत आप्पाराव लई बोलला. हनुमानचं काय चुकलं? डबा मीच पाठवलता.

संध्याकाळी गहिनीनाथचा फोन आला, वाट मोकळी झाली, पोट फाडायची गरज पडली न्हाई. मी देवापुढं बसले ती उठलेच न्हाई, स्वप्नानं उठवलं.

पण वहिनी, त्या दिवसापासनं एकच गोष्ट माझ्या डोक्यातनं जात न्हाई. गहिनीनाथ म्हणतो, "काकू, मामीच्या घरात माठ काठोकाठ भरलेला होता. पेला पालथा घातलेला, त्याच्यावर धूळ." धरणाच्या कुशीतलं तुझं गाव. दारात नळ हाय. आणि तू पाणी पीत न्हाईस. बारशाला स्वप्नाच्या हातचं पिलं न्हाईस. इसबगोलावर घोटभर पिलंस.

शपथ घालत न्हाई. हनुमानची भीतीबी घालत न्हाई. नुस्तं विचारते. पाण्याशी तुझं काय वैर हाय?

सत्यशीला


बीड,
२ फेब्रुवारी

वन्सं,

हात अजून थरथरतो, अक्षर लावून वाचा.

तुमी काचेतनं बघून गेलात ते मला गहिनीनाथनं सांगितलं. हनुमान बोलला त्याचं वाईट वाटून घेऊ नका. घाबरला की तो त्याच्या बापावानी वरडतो. तुमच्या डब्याचा दोष न्हाई. डॉक्टर म्हणले, इसबगोल वाईट न्हाई, कोरडं खाणं वाईट. आणि माझं अंग आधीच कोरडं पडलंतं.

आता ऐका.

आखाडात मी पडले. आमचा संडास अंगणाच्या टोकाला हाय, तुमाला ठाऊक हाय, दोन पायऱ्या चढून. सकाळी गेले. उठायला लागले तर उजवा गुडघा आडला. दाराची कडी धरली, तर हात निसटला आणि मी मागं पडले, भिंत आणि भांडं यांच्यामधी. उठता येईना. वरडले. वन्सं, मला माझाच आवाज ऐकू येत न्हाई, त्यामुळं किती मोठ्यानं वरडले ते मला ठाऊक न्हाई. कुणी आलं न्हाई. ऊन फटीतनं सरकत सरकत पलीकडच्या भिंतीवर गेलं, तवा कशीतरी सरकत कडीपतोर पोचले. अंगणातनं रांगत घरात आले. लुगड्याचं काय झालंतं ते लिहीत न्हाई.

कुणाला सांगायचं? हनुमानला सांगितलं असतं तर त्यानं दुसऱ्या दिवशी कुलूप लावलं असतं. आश्रुबाच्या बायकोला सांगायचं तर गावात हसं. तुमाला लिहायला दोनदा बसले, पण हे कागदावर कसं लिहायचं ते कळंना.

मग मी माझ्या मनाशी ठरवलं. भाकर खाल्ली की सकाळी जावंच लागतं. भाकर सोडली. पालेभाजी सोडली. पेरू, मटकी सोडली. पाणी पिलं की सारखं उठावं लागतं, पाणी सोडलं. भात, टोस खाल्ला की दोन-तीन दिस जावं लागत न्हाई. आठवड्याला पुडी घ्यायची आणि त्या एका दिवशी भिंतीला पाठ लावून, देवाचं नाव घेत जाऊन यायचं. भाकर मला नकोशी झाली न्हवती, वन्सं. भाकर खाल्ल्यावर जे होतं, त्याचं भ्याव होतं.

तुमच्या घरी आले, आधी तुमचा संडास बघून आले. आमच्यासारखाच. आणि बाहेर पाहुण्यांची रांग. तिथं पडले असते तर? मग एसटीच धरली.

परवा डॉक्टर हनुमानला संगं घेऊन माझ्या खाटेपाशी आले. पाटीवर मोठ्या अक्षरात लिहून विचारलं, आजी, पाणी का पीत न्हवता? हनुमान माझ्या तोंडाकडं बघत उभा. मला वाटलं, परत दाताचं सांगावं. पण नळी काढल्यापासनं घसा जळत होता, आणि खोटं बोलायला सुद्धा जोर लागतो. मी सांगून टाकलं. "मला संडासला खाली बसता येत न्हाई! बसलं तर उठता येत न्हाई! म्हणून खात न्हाई, म्हणून पीत न्हाई!"

बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत न्हाई. सगळ्या वार्डाची तोंडं माझ्याकडं वळली. माझ्या समोरच्या खाटेवर पाटोद्याकडची एक म्हातारी हाय, दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडलेली असती. ती उठून बसली. आपल्या गुडघ्यावर हात आपटला आणि माझ्याकडं बघून मान हलवली. तिच्या पलीकडचीनं पदर तोंडाला लावला. हसत होती का रडत होती, कळलं न्हाई. मग खिडकीजवळचीनं बी हात वर केला, शाळेतल्या पोरीवानी. डॉक्टर त्यांच्याकडं बघतच राहिले. नंतर एकेकीच्या खाटेशी थांबून काईतरी विचारत होते.

हनुमान माझ्या पायथ्याशी बसला. मग माझ्या कानाशी तोंड आणून म्हणला, "आई, मला का न्हाई सांगितलं?"

मी म्हणलं, "तू पोरगा हायस. आणि तू घर बंद केलं असतंस."

त्यानं न्हाई म्हणलं न्हाई.

आता तो म्हणतो, चाकणला त्याच्याकडं खुर्चीचा संडास हाय, तिथं तुला सोपं जाईल. त्याचं खरं हाय. मला त्याला खोडून काढता येत न्हाई, तेच अवघड झालंय. उद्या सोडतायत. गाडी कुणीकडं वळती ते बघायचं.

जानकी


तेलगाव,
१२ फेब्रुवारी

वहिनी,

हे पत्र पालीच्या पत्त्यावर टाकते. माणसाला जातंय का कुलपाला, देव जाणे. हनुमानला फोन केला, त्यानं उचलला न्हाई. आश्रुबाचा नंबर कुणाकडं न्हाई.

तुझं पत्र मी स्वयंपाकघरात वाचत होते. वाचून झालं आणि सरळ आमच्या संडासात जाऊन दार लावलं. उठताना नळाचा पाईप धरला. तो ढिला झालाय. कुणी ढिला केला? मीच, रोज धरून धरून. आणि तुला लिहिलं, गुडघे ठणठणीत हायत म्हणून.

बाहेर आले तर स्वप्ना म्हणली, "काय झालं, आत्याबाई?" मी तुझं पत्रच तिच्या हातात दिलं. ती वाचून खाली बसली. तिला वाटत होतं मामींना तिचं पाणी चालत न्हाई.

जेवायच्या वेळी आप्पारावाला म्हणलं, संडासात खुर्ची बसव, धरायला दांडा लाव. तो फोनवर बोटं फिरवत म्हणला, "पुढच्या वर्षी बांधकाम काढायचंच हाय, तवा बघू."

मी म्हणलं, "मग पुढच्या वर्षीपतोर मी काय खाऊ, तेवढं सांग."

त्याला काई कळलं न्हाई. स्वप्नाला कळलं. तिनं त्याच्या हातातला फोन काढून घेतला आणि म्हणली, "उद्या मिस्त्री आला न्हाई, तर आपल्या घरात सगळ्यांनी टोस खायचा." मिस्त्री आला. लई फरशी फुटली, आप्पाराव तोंड पाडून बसला, पण दांडा लागला.

तू कुठं हायस, एवढं तरी कळव. तुझ्या बाबतीत मी एकदा हुशारी केली आणि तू मरता मरता वाचलीस. आता कुणाला काई सांगायला माझी जीभ रेटत न्हाई. तू चाकणला बरी असशील, तर तसं लिही. मी रडणार न्हाई.

सत्यशीला


पाली,
२१ मार्च

वन्सं,

तुमचं पत्र दाराच्या फटीतनं आत पडलंतं, तीन आठवडे. पंधरा दिवसांमागं दार उघडलं तवा पायाखाली आलं, पण बांधकामाच्या गडबडीत उत्तर राहिलं.

गाडी चाकणला वळली. तिथं खुर्चीचा संडास होता. पहिल्या दिवशी त्याच्यावर बसायलाच भ्याले. सुनिता दाराबाहेर उभी राहिली, मला ऐकू येत न्हाई म्हणून दाराखालच्या फटीतनं बोटं आत घालून हलवत होती, मी हाय म्हणून. उठले. कुणालाबी न धरता उठले. त्या दिवशी मी दोन पेले पाणी पिले.

डॉक्टरनी सांगितलंतं, एकदम न्हाई खायचं, आतडं दमलेलं हाय. म्हणून आधी ज्वारीच्या कण्या ताकात शिजवून. मग पाव भाकर, दोडक्याच्या भाजीसंगं. मग अर्धी. मग जरा मटकी. दर खेपेला वर पाणी. सुनिता कामावरनं येऊन थापायची, तिच्या भाकरीला गोलाई न्हाई, पण पोटाला गोलाई कुठं लागती? मधी एकदा परत पोट आवळलं. तेच सगळं डोळ्यापुढं आलं. पण या वेळी मी लपवलं न्हाई, सुनिताला उठवून सांगितलं. संध्याकाळपतोर ठीक झालं.

अंगात जोर आला आणि मग दिवस मोठे वाटायला लागले. तिसऱ्या मजल्यावरनं नुस्त्या गाड्यांचे टप दिसतात. एक दिवस हनुमान जेवत होता. त्याला म्हणलं, "बाबा, मला इथं घराचं सुख हाय, सुनेचं सुख हाय. पण मी इथं राहिले ते एका खुर्चीपायी. ती खुर्ची पालीला बसत न्हाई का?"

तो चिडला. कानाशी वरडला, "परत पडलीस तर?" मी म्हणलं, "पडले तर पडले. पण उपाशी राहून न्हाई पडणार." त्या दिवशी तो ताटावरनं उठला. दोन दिवस बोलला न्हाई. तिसऱ्या दिवशी सुनितानं मला त्याचा फोन दाखवला. त्यानं खुर्च्यांचे आणि दांड्यांचे फोटो काढून ठेवलेते.

त्यानं सुट्टी काढली, संगं आला. बाहेरचा संडास सोडून दिला. आतल्या खोलीत, धान्याच्या कणग्या होत्या तिथं, नवा बांधला. पायरी न्हाई, भिंतीला दोन्ही बाजूंनी दांडे, आणि दाराला कडी आतनं लावली तरी बाहेरनं उघडती अशी. आश्रुबाच्या बायकोनं रोज सकाळी डोकावून जायचं ठरवलंय. कानाचं मशीन घालायची अट हनुमाननं घातलीय, ती मी पाळते, दिवसातनं थोडा वेळ.

हनुमान तुमाला फोन करणार हाय. चार दिवस शब्द जुळवतोय. तुमी आधी बोलू नका, त्याला बोलू द्या. पोराला माफी मागायची सवय न्हाई, मधीच अडकंल.

आता इथली गंमत. आमच्या गल्लीतली मुक्ताबाई, माझ्याहून मोठी, रोज सकाळी विरजण मागायला येती. वाटी ओट्यावर ठेवती आणि आत जाती. बाहेर आली की रिकामीच वाटी घेऊन घरी जाती. परवा आणखी दोघी आल्या. एक पंचांग बघायला, एक मीठ मागायला. पंचांगवाली आत गेली ती लवकर बाहेर येईना. मीठवाली ओट्यावर पाय आवळून बसलेली, चेहरा लाल. मी तिला म्हणलं, "बाई, कशाला मीठ मागतीस? सरळ सांग ना."

तिनं इकडंतिकडं बघितलं. मग माझ्या कानाशी तोंड आणलं. मशीन तवा डब्यात होतं, म्हणून ती जीव खाऊन वरडली. धरणापतोर ऐकू गेलं असंल.

"जानकी, मला आत जायचंय!"

समोरच्या दारात कुणीतरी हसताना दिसलं. ती लाजली न्हाई. मीबी न्हाई. तिच्यासाठी पेला भरून ठेवला आणि पीठ काढायला उठले.

तुमची,
जानकी